केळीच्या बागेत सापडलेली अंगठ्याएवढी चिचुंद्री

कांदेबाग | १२ ऑक्टोबर, रात्री

परवा सकाळची गोष्ट. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची साडेचार एकर केळी आहे. पिलबागेचे (जुन्या खोडाच्या पिलांवर घेतलेल्या केळीचे) घड निघाले, खोडं आडवी पाडून पंधरा दिवस झाले होते. सालदाराने एक कुजकं खोड उलटं केलं आणि म्हणाला, "भाऊ, उंदराचं पिल्लू." चप्पल उगारून पुढे झालाच होता. मी वाकून पाहिलं आणि त्याचा हात धरला.

जेमतेम माझ्या अंगठ्याएवढा जीव. राखाडी-तपकिरी, अंगावर मखमलीसारखी लव. नाक लांब, सोंडेसारखं, आणि ते एक क्षण स्वस्थ नाही. डोळे म्हणजे राजगिऱ्याचे दोन काळे दाणे. शेपटीवर बारीक केसांत मधूनमधून लांब, उभे केस. तोंडात रातकिडा, जवळजवळ त्याच्या निम्म्या अंगाएवढा! रातकिडा लाथा झाडत होता. याने मानेशी चावा घेतला, मागे ओढला, पुन्हा चावला. अर्ध्या मिनिटात रातकिडा थंड. मग त्याला घेऊन सालपटाखाली गेला तो परत दिसला नाही. मोबाईल काढेपर्यंत शेपटीचं टोक तेवढं फोटोत आलं.

पिल्लू अशी शिकार करत नसतं, एवढं मला कळतं. घरात धान्याच्या कोठीमागे जी चिचुंद्री फिरते ती वीतभर असते, तिचा वास खोलीभर राहतो. याला वासही जाणवला नाही. हे काय आहे, कुणी सांगेल का? घाई अशासाठी की पुढच्या आठवड्यात खोडांवर रोटाव्हेटर फिरवायचा आहे.

गव्हाणी | १३ ऑक्टोबर, सकाळी

दादा, सालदाराचा हात धरलात, फार बरं केलंत.

ही चिचुंद्रीच आहे, पण घरातली नव्हे. आणि चिचुंद्री मुळात उंदीर नाहीच. उंदराला पुढे पटाशीचे दात असतात, ते जन्मभर वाढतात, म्हणून त्याला सतत कुरतडावं लागतं. चिचुंद्रीला तसे दात नाहीत. तिचे दात सुईसारखे, किड्यांचं कवच फोडायला बनलेले. पुढचा पाय पाहायला मिळाला तर बोटं मोजा. उंदराची चार ठळक दिसतात, चिचुंद्रीची पाच. शेपटीवरचे ते लांब उभे केस तुम्ही बरोबर टिपलेत, ती सुंकस या गटाची खूण आहे.

घरात येते ती सुंकस म्युरिनस. वजन तीस ग्रॅमपासून शंभर ग्रॅमपर्यंत. तिची पिल्लं लव येऊन बाहेर पडतात तेव्हाही तुमच्या वर्णनापेक्षा चांगली मोठी असतात आणि आईला सोडून एकटी रातकिडे मारत नाहीत. आपल्याकडच्या रानात आणखी दोघींची शक्यता धरावी लागते. एक सुंकस स्टोलिक्झकानस, कोरड्या, काटेरी झुडपांच्या मुलखातली, फिकट करड्या रंगाची. ती घरच्या चिचुंद्रीहून लहान असली तरी अंगठ्याएवढी नसते. दुसरी सुंकस इट्रस्कस. अंगाची लांबी चार सेंटीमीटरच्या आसपास, वजन साधारण १.८ ग्रॅम. वजनाच्या हिशेबाने जगातला सर्वांत लहान सस्तन प्राणी. भूमध्य समुद्राच्या काठापासून आपल्या देशातून पार आग्नेय आशियापर्यंत ती आढळते. १८२२ मध्ये इटलीतल्या सावी नावाच्या अभ्यासकाने तिला शास्त्रीय नाव दिलं.

तुमचं वर्णन या दुसरीकडे जातं. शेपटीच्या टोकाच्या फोटोवरून मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण रोटाव्हेटर थोडा थांबवता आला तर थांबवा, ही विनंती.

कांदेबाग | १३ ऑक्टोबर, दुपारी

जगातला सर्वांत लहान? आमच्या पिलबागेत? ताई, घरात सगळ्यांना वाचून दाखवलं. वडील म्हणाले, "असं बारीक चिचुंदर आम्ही लहानपणी दगडाखाली पाह्यचो, मग दिसेनासं झालं." हे ते आजवर कधी बोलले नव्हते.

एक विचारतो. १.८ ग्रॅमचा जीव आमच्या मे महिन्यात जगतो कसा? इथे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो.

गव्हाणी | १३ ऑक्टोबर, रात्री

तिच्या राहण्याचं सगळं गणित याच प्रश्नात आहे, म्हणून जरा लांब लिहिते.

एवढ्या लहान अंगातून ऊब आणि ओल दोन्ही झपाट्याने निघून जातात. ती भरून काढायला तिचं हृदय मिनिटाला पंधराशे ठोक्यांपर्यंत धावतं आणि दिवसाकाठी स्वतःच्या वजनाच्या दीडपट-दुप्पट खावं लागतं. काही तास उपाशी राहिली तर संपली. खायला कमी पडलं की ती अंगाचं तापमान खाली आणून सुस्त पडून राहते. तो तिचा बचाव आहे, पण त्या अवस्थेत कुणाचा पाय पडला, कुदळ लागली तर तिला हलताही येत नाही.

त्यामुळे तिला लागते ती सावलीची, ओलसर, भेगाभेगांची जागा, आणि तिथे बारमाही किडे. ती स्वतः फारशी बिळं खोदत नाही. दगडांच्या फटी, पाचोळा, कुजकं लाकूड, दुसऱ्याने सोडलेलं बीळ यांवर भागवते. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. वर पाय भाजतो, पण वीतभर खाली गारवा असतो. आणि तुमच्या केळीत ठिबकखाली मे महिन्यातही ओल असते. रातकिडे, गोम, झुरळं, गांडुळं सगळी त्या ओलीला धरून राहतात. ती तिथेच येणार.

म्हणजे तुमची बाग तिला उन्हाळ्यात तारते. पण बाग दर दोन-अडीच वर्षांनी मोडली जाते. तेव्हा तिला पळून जायला शेजारी बांध हवा, दगडांची रास हवी, नाल्याकाठचं झुडूप हवं. एवढ्याशा पायांनी ती जाऊन जाऊन किती लांब जाणार?

पांझराकाठ | १४ ऑक्टोबर

मी धुळ्याजवळ शाळेत शिकवते. हा धागा वाचून माझी आजी डोळ्यांपुढे आली. शिरपूरच्या जुन्या घरात एकदा संध्याकाळी चुलीमागून चिचुंद्री निघाली, घरची, मोठी. तिच्या शेपटीच्या बुडाशी एका पिल्लाने तोंडाने धरलेलं, त्याला दुसऱ्याने, दुसऱ्याला तिसऱ्याने. चार पिल्लांची आगगाडी भिंतीच्या कडेकडेने न्हाणीपर्यंत गेली. मधलं एक उंबऱ्यावर अडखळलं तर पूर्ण गाडी थांबली, ते वर चढलं, मग पुन्हा चालू. आम्ही पोरं ओरडायला लागलो तशी आजी रागावली. म्हणाली, "तिले मारू नका. दाणा नही खास ती, किडा खास."

आजीला प्राणिशास्त्र कुणी शिकवलं नव्हतं. तिने कणग्यांची राखण करता करता पाहिलं होतं. आज माझ्या वर्गातली मुलं चिचुंद्रीला सरसकट "उंदीर" म्हणतात आणि चिकट कागद लावून मारतात. त्या कागदाला चिकटलेली चिचुंद्री तासन्‌तास तडफडते. गेल्या वर्षी एका मुलाने आणून दाखवली होती. ते मला अजून विसरता येत नाही.

कपाशी_अमळनेर | १४ ऑक्टोबर

सगळ्यांच्या भावना समजल्या. पण माझीही बाजू ऐका. मागल्या साली उंदरांनी माझ्या भुईमुगाची वाट लावली. शेंगा बिळात ओढून नेल्या, एका बिळातून पाटीभर निघाल्या. मी विषाच्या गोळ्या टाकणारच. वावरात कोणतं बीळ उंदराचं आणि कोणतं चिचुंदरीचं, हे रातच्याला बॅटरी घेऊन बघत बसू का? कर्ज काढून पेरलेलं असतं.

गव्हाणी | १४ ऑक्टोबर

दादा, तुमचं नुकसान खरं आहे आणि उंदरांचा बंदोबस्त करायलाच हवा. तो नीट केला तर खर्चही वाचतो, म्हणून सांगते.

संध्याकाळी वावरातली सगळी बिळं पायाने मातीने बुजवा. सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू बिळं. आमिष फक्त त्यांत, खोल, आणि वरून बंद. उंदराच्या चालू बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढिगारा असतो. चिचुंद्री भेगेतून ये-जा करते, ती माती उपसत नाही. बांधावर उघड्यावर गोळ्या फेकल्या की चिचुंद्री, मुंगूस, तितर, गावातली कुत्री, कुणाच्याही तोंडी जातं. मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर फुकट राखण करणारं तेही जातं.

आणखी एक. जमिनीत दाणेदार कीटकनाशक टाकलं की गांडुळं आणि हुमणीच्या अळ्या वर येऊन वळवळतात. चिचुंद्री आधी त्याच उचलते. जिला दिवसाला वजनाच्या दीडपट खायचं आहे तिच्या पोटात विषही त्याच मापाने जातं. फोरेट या अशाच दाणेदार कीटकनाशकावर ३१ डिसेंबर २०२० नंतर देशात बंदी आहे. कुणी जुना साठा म्हणून देत असेल तर घेऊ नका, ते माणसालाही तितकंच घातक आहे.

कपाशी_अमळनेर | १५ ऑक्टोबर

बिळं बुजवून बघायचं आमच्या आजोबांना माहीत होतं, आम्ही सोडून दिलं. काल संध्याकाळी केलं. बासष्ट बुजवली, सकाळी उघडी निघाली एकोणीस. म्हणजे बाकीच्या त्रेचाळीसांत मी दरसाल गोळ्या वायाच घालत होतो. करतो याच पद्धतीने.

तोरणमाळवाट | १५ ऑक्टोबर

नंदुरबारहून. मला वाटतं ही मी तोरणमाळच्या घाटात दिवसाढवळ्या पाहिली आहे. खडकांवर चढत होती, झुपकेदार शेपटी, खारीसारखी, खांद्यावर फिकट पट्टा. पावरा पोरं तिला खारच म्हणत होती.

गव्हाणी | १५ ऑक्टोबर

ती वेगळी, आणि तुमचं नशीब थोर! तुम्ही पाहिली ती झाडचिचुंद्री, अनाथाना एलियटी. नावात चिचुंद्री असली तरी तिचा गणच वेगळा. ती दिवसा हिंडते, नाव झाडाचं असलं तरी बराच वेळ जमिनीवर आणि खडकांत किडे शोधत असते. फक्त भारतात आढळते. खांद्यावरच्या फिकट पट्ट्यामुळे खारीपासून ओळखता येते. घाटातली तुमची जागा आणि तारीख लिहून ठेवा, अशा नोंदी फार कमी होतात.

सातमाळा | १६ ऑक्टोबर

चाळीसगावकडचा, निवृत्त माणूस. जुने कागद वाचायची आवड आहे म्हणून थोडी भर.

मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९११ मध्ये देशभरातल्या सस्तन प्राण्यांचं सर्वेक्षण सुरू केलं. त्याचा पहिलाच अहवाल खान्देशाचा आहे, १९१२ चा. क्रम्प नावाचा संग्राहक इथे नमुने गोळा करत फिरला आणि रॉटन यांनी ते अभ्यासले. म्हणजे देशातल्या लहान सस्तन प्राण्यांची शिस्तीत मोजदाद आपल्या मातीतून सुरू झाली. आज शंभर वर्षांनी आपल्या पोरांना चिचुंद्री आणि उंदीर वेगळे ओळखता येत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

रानपिंगळ्याचंच पाहा ना. डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने १८८४ च्या सुमारास खान्देशात तो मिळवला, पुढे तो नामशेष झाला असंच सगळे समजून बसले. १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या डोंगरात रासमुसेन आणि त्यांच्या साथीदारांना तो पुन्हा दिसला. दिवसा उडणारा, झाडावर उघडा बसणारा पक्षी एवढी वर्षं कुणाला दिसला नाही. मग खोडाखाली राहणाऱ्या दोन ग्रॅमच्या जिवाची काय कथा!

जुन्या वन्यजीव कायद्याच्या पाचव्या परिशिष्टात उंदीर उपद्रवी म्हणून होते. त्या यादीत चिचुंद्री कधीच नव्हती. तरी लोकांनी मारताना तो फरक केला नाही.

पांझराकाठ | १६ ऑक्टोबर

बाटल्यांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. शनिवारी मुलांना घेऊन गावाबाहेरच्या पाझर तलावाच्या भरावावर गेले. तिथे लोक दारूच्या बाटल्या टाकून जातात. एका काचेच्या बाटलीत काळा चिखल साचल्यासारखं दिसलं म्हणून मुलाने ती उपडी करून आपटली. आतून भुंग्यांचे पंख, पायांचे तुकडे आणि दोन बारीक कवट्या पडल्या. वासाने भुंगे आत गेले असणार, भुंग्यांमागे चिचुंद्री. बाटली तिरकी, काच गुळगुळीत, बाहेर येता येईना.

आम्ही त्या दिवशी त्रेचाळीस बाटल्या उचलल्या. आणखी तीन बाटल्यांत हाडं होती. मुलं घरी परत जाताना एकदम गप्प होती.

कांदेबाग | १७ ऑक्टोबर

पांझराकाठ ताई, तुमचं वाचून आमच्या शेततळ्याकडे गेलो. प्लास्टिकचा कागद अंथरलेला, सगळीकडून उतरता. पाण्यावर एक बेडूक, दोन सरडे आणि घरच्या आकाराची एक चिचुंद्री मरून तरंगत होती. रोज तिथून पाणी सोडतो, कधी लक्षच गेलं नव्हतं. चारी कोपऱ्यांत गोणपाटाच्या पट्ट्या बांधून पाण्यात सोडल्या. खर्च शून्य. पाय रोवायला खरबरीत काहीतरी मिळालं की बेडूक तरी नक्की वर येतात, दुसऱ्याच दिवशी पाहिलं.

आता मुख्य गोष्ट. रोटाव्हेटर चार दिवस पुढे ढकलला. वडिलांशी बोलून असं ठरवलं की नाल्याच्या बाजूचा बांध, साधारण पाच फूट रुंद, तसाच ठेवायचा. त्यावर निर्गुडी आहे, बोरी आहे, वडिलांनी वावरातून वेचून टाकलेल्या दगडांची जुनी रास आहे. मागच्या वर्षी जेसीबी लावून तो सपाट करायचा माझा विचार होता. केळीच्या दोन ओळी वाढल्या असत्या. आता नाही करणार.

खोडं आम्ही एका टोकाकडून हाताने उलटत नाल्याच्या दिशेने गेलो, म्हणजे जे असेल ते बांधाकडे सरकेल. दोघांना दीड दिवस लागला. शेवटच्या तीस-चाळीस खोडांची बांधाला लागूनच लांबट रास केली, ती आता कुजू देणार. पेटवणार नाही. आणि शेजाऱ्यांनाही सांगितलं की बांध जाळताना आमच्या बाजूला आग येऊ देऊ नका. एकाने ऐकलं, दुसरा म्हणाला बघू.

चिचुंद्र्या त्या दीड दिवसात दोन दिसल्या. एक माझ्या बुटावरून गेली.

गव्हाणी | १७ ऑक्टोबर

बुटावरून गेली!! वाचून अंगावर काटा आला.

तुम्ही जे केलंत ते आमच्या भाषेत अधिवास जोडणं. यावल अभयारण्य १७७.५२ चौरस किलोमीटरचं आहे, १९६९ पासून संरक्षित. पण एवढ्याशा जिवाला अभयारण्य आणि तुमची बाग यांच्यातले सगळे बांध जिवंत लागतात. नाला वर डोंगराला जाऊन मिळतो ना? मग तो काठ तिचा रस्ता आहे. या जातीला जगभराच्या यादीत आज धोका नाही असं म्हटलेलं आहे, पण एका गावातून ती गेली की त्या गावापुरती गेलीच. तुमच्या वडिलांनी तेच सांगितलं.

आता एक काम. तुमच्या पंपघरात किंवा जवळच्या जुन्या विहिरीत गव्हाणी घुबड बसतं का? बसत असेल तर खाली करड्या-काळ्या लांबट गोळ्या पडलेल्या असतील. घुबड भक्ष्य अख्खं गिळतं आणि हाडं, केस यांची गोळी करून ओकून टाकतं. युरोपात या बारीक चिचुंद्रीच्या बहुतेक नोंदी अशा गोळ्यांतूनच मिळाल्या. तिला पकडावं लागत नाही, पिंजऱ्यात ती उपासाने मरण्याचा धोका टळतो. हातमोजे घाला, गोळ्या कागदात गुंडाळून काडेपेटीत ठेवा.

कांदेबाग | २ नोव्हेंबर

पंपघराच्या पोटमाळ्याखाली अकरा गोळ्या मिळाल्या. ताईंनी सांगितलं तसं कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवल्या, मुलगी मदतीला. बहुतेक उंदीर. त्यांचे पिवळे-नारिंगी पटाशीचे दात लगेच ओळखू येतात. अकरा गोळ्यांत उंदरांची एकोणतीस डोकी मोजली. कपाशी_अमळनेर दादा, हे खास तुमच्यासाठी.

सातव्या गोळीत एक कवटी निघाली, मुलीच्या करंगळीच्या नखावर मावेल अशी. लांबट, चपटी, गालाच्या हाडाची कमान नाहीच. दात पांढरे. पट्टीवर ठेवली तर तेरा मिलिमीटर. भिंगातून वरच्या जबड्यात पुढच्या मोठ्या दातामागे एकच टोक असलेले बारीक दात मोजले, एका बाजूला चार. चौथा इतका बारीक की मुलीला दिसला, मला नाही.

गव्हाणी | २ नोव्हेंबर

चार असतील तर सुंकस. आणि तेरा मिलिमीटर असेल तर ती दुसरी कुणी नाही, इट्रस्कसच. कापसात ठेवून पाठवा, मी सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा मोजते. सोबत चिठ्ठीवर गाव, तारीख, पंपघर, बांधापासून अंतर, आणि दात मोजणाऱ्या मुलीचं नाव. नोंदीत तेही लिहायचं आहे.

कांदेबाग | ३ नोव्हेंबर

आज सकाळी पाठवली. बांधापासून पंपघर एकशे दहा पावलं.